सर्वानुमते मंजूर

२०२२ च्या अखेरीस अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेलगतच्या काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. मूळ दुखणं रस्त्याचं आणि पाण्याचं होतं. प्रशासनाने नोटिसा काढल्या, ग्रामपंचायती बरखास्त का करू नयेत अशी विचारणा केली आणि बहुतेक गावांनी ठराव मागे घेतले. राज्य सोडण्याची भाषा मला पटली नाही. पण रस्ता हवा असेल तर रस्त्याचा ठराव पुरत नाही, असं गावाला का वाटावं, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

दोष वरच्यांचा आहेच. मात्र ठरावाची पत घालवण्यात गावाचाही हात आहे.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. सबळ कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. त्यामुळे सभा कागदावर तरी व्हावीच लागते. मग रजिस्टर शिपायाच्या पिशवीतून घरोघर निघतं. चुलीपुढून उठून आलेली बाई पिठाचा हात पदराला पुसते आणि बोट दाखवलेल्या रेघेवर सही करते. वर ‘उपस्थित महिला’ असं लिहिलेलं असतं, ठराव नंतर उतरतो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.

ती बाई खोटारडी नाही. शिपाई गल्लीतलाच, सरपंच भावकीतला. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आपल्याकडची बरीचशी असत्यं अशी भिडेपोटी जन्माला येतात, आणि भिडेत वाईट हेतू नसतो म्हणून ती आपल्याला टोचत नाहीत. टोचतं नंतर, दुसऱ्याच कुणाला तरी. घरकुलाच्या यादीतून नाव गळालेला माणूस विचारायला येतो, तेव्हा त्याच्यापुढे तेच रजिस्टर उघडलं जातं. सभेने मंजूर केलंय, बघ, तुझ्या घरातलीही सही आहे. त्यावर तो काय बोलणार?

शिवाय ज्या वहीत दरवेळी सगळंच सर्वानुमते मंजूर असतं, तिच्यातला खरोखर तळमळीने केलेला ठराव अधिकाऱ्याने ओळखायचा कसा? मग आवाज चढवावा लागतो, थेट राज्य सोडण्यापर्यंत.

माणसं येत नाहीत, हे सरपंचांचं गाऱ्हाणं खरं आहे. पण झेंडावंदन उरकून लगेच सभा लावली, तर रोजावर जाणाऱ्यांनी एक तर सभा पाहावी किंवा मजुरी. सभा संध्याकाळी लावून पाहावी, महिलांची सभा त्यांच्या सवडीने ठेवावी. तरीही अकराच जण आले, तर रजिस्टरात अकराच सह्या असू द्याव्यात आणि खाली सभा तहकूब म्हणून लिहावं. पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसली तरी तिथे किती जण बसले होते, तेही खरंच लिहावं. आणि रजिस्टर दारात आलंच तर शिपायावर चिडू नये, त्याच्या हातात ते काही नाही. त्याला बसायला सांगावं, पाणी द्यावं. सही तेवढी करू नये.