पिंजऱ्यात केक कोणी ठेवला?

लठ्ठ उंदराला कोणी ‘जिभेवर जरा ताबा ठेव’ असं म्हणत नाही. माणसाला मात्र लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, कुठेही सहज ऐकवलं जातं. हा फरक न्याय्य आहे का?

१९७६ साली अमेरिकेत स्क्लाफानी आणि स्प्रिंगर या संशोधकांनी उंदरांपुढे सुपरमार्केटमधला खाऊ ठेवला: चॉकलेट, बिस्किटं, चीज, सलामी, पीनट बटर. नेहमीचं खाद्यही समोर होतंच. तरी उंदरांचं वजन भराभर वाढलं. पुढे बॅरी लेव्हिन यांनी एकाच जातीच्या उंदरांना जास्त ऊर्जेचा आहार दिला, तेव्हा साधारण निम्मेच लठ्ठ झाले. बाकीच्यांचं वजन साध्या खाद्यावरच्या उंदरांइतकंच राहिलं. निवडून पैदास केल्यावर हा फरक पुढच्या पिढ्यांतही उतरला.

मला अडवतात ते हे सडपातळ उंदीर. त्यांनी संयम पाळला नव्हता, डाएट केलं नव्हतं. तोच पिंजरा, तेच खाणं, फक्त शरीर वेगळं. मग ‘मी बघ कसा फिट आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या अभिमानात कमाई किती आणि वारसा किती?

यावर उत्तर तयार असतं: माणूस उंदीर नाही, त्याला इच्छाशक्ती आहे. मान्य. पण तीही शरीरातच राहते. २०१० साली जॉन्सन आणि केनी यांनी काही उंदरांना दिवसभर बेकन, सॉसेज, चीजकेक खाऊ दिलं. दिवा लागला की पायाला शॉक बसतो, हे सगळ्याच उंदरांना शिकवलं होतं. दिवा लागल्यावर इतर उंदीर खायचे थांबले. हे लठ्ठ झालेले उंदीर खातच राहिले. सुख नोंदवणारी त्यांच्या मेंदूतली यंत्रणा मंदावली होती. ज्यांना तोच खाऊ दिवसातून एकच तास मिळत होता, ते मात्र थांबू शकले.

म्हणून ‘तुझा काही दोष नाही, सगळं जीन्समुळे’ असं म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. त्यात समोरच्याचं माणूसपणच आपण काढून घेतो. त्याला निवड करता येते. फक्त ती सगळ्यांना सारख्याच किमतीत पडत नाही, आणि दुसऱ्याला किती पडते हे बाहेरून दिसत नाही. दोष द्यायला मी कचरतो तो इथे.

जबाबदारीचा प्रश्न तरीही उरतोच. उंदरांच्या पिंजऱ्यात केक ठेवणारा हात संशोधकाचा होता. उंदरांना कोणी विचारलं नव्हतं. आपल्या फोनवर रात्री अकराला ‘भूक लागली?’ असं नोटिफिकेशन पाठवणाराही कोणीतरी असतोच. पण उंदरांना कायदे करता येत नाहीत, शाळेच्या दारात काय विकलं जावं हे ठरवता येत नाही. आपल्याला येतं. इच्छाशक्तीची एवढी फुशारकी मारायचीच असेल, तर ती दुसऱ्याचं ताट मोजण्यापेक्षा तिथे वापरावी.