हरवलेले शब्द, उरलेली प्रार्थना



अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आमच्या शेजारच्या आजींना 'पाणी' हा साधा शब्द सापडत नाही. पण घरात रोझरी सुरू झाली की 'नमो मरिया' अडखळत का होईना, तोंडातून येते. परवा कुणीतरी विचारले, "ही प्रार्थना की नुसती सवय?"

बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम डावी बाजू पाहते. तिथला रक्तपुरवठा तुटला की वाचा जाते. समज पुष्कळदा शिल्लक असते. घोकलेले अंक, गाणी, प्रार्थना अनेकांच्या बाबतीत टिकून राहतात. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली डॉ. पॉल ब्रोका यांनी तपासलेला लबोर्न्य फक्त 'तां' म्हणे. चिडला की मात्र देवाच्या नावाने शिवी हासडी. ते पाप धरावे का? मला नाही वाटत. तो शब्द त्याने निवडला नव्हता.

मग आजींनी तरी प्रार्थना कुठे निवडली? निवडली होती, जन्मभर, रोज संध्याकाळी. (लबोर्न्यची शिवीही सवयीचीच, हे मान्य. पण सारे समजत असून बोलता न येणाऱ्या माणसाला तेवढे माफ असावे.)

दुखावलेल्या भागाशेजारचा शाबूत भाग हळूहळू काम उचलतो, कधी उजवी बाजूही हात देते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढेही वर्षानुवर्षे थोडी थोडी होऊ शकते. त्यासाठी बोलण्याचा सराव हवा. आजींना 'पाणी' म्हणायला अर्धा मिनिट लागतो. आपण त्याआधीच पेला पुढे करतो.