उचल

एक शब्द घ्या. इंग्रजीतून आलेला, पण आता कुणालाच परका न वाटणारा: ॲडव्हान्स. तोंडात थोडा घोळू द्या. डोळे मिटायची गरज नाही. हे मनन उघड्या डोळ्यांनीच करायचं आहे, आणि त्यासाठी मनाने बीड जिल्ह्यात यायचं आहे.

जागा तशी योग्यच आहे. आंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे; त्यांच्या विवेकसिंधूचा काळ परंपरा शके १११० सांगते. आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन, हा क्रम इथे जुना आहे. श्रवण झालं. शब्द कानावर पडला.

आता बघा, तो ऐकल्याबरोबर तुमच्या मनात पहिल्यांदा काय आलं. मंगल कार्यालयाची तारीख पक्की करताना मोजलेले पैसे? आचाऱ्याच्या हातावर ठेवलेली नोट? जे आलं असेल ते येऊ द्या, लगेच बाजूला सारू नका. एवढंच विचारा: त्या वेळी पैसे देणारे तुम्ही होतात, की घेणारे? बहुतेक मराठी वाचकांच्या मनात ते देणारेच असतात, असा माझा अंदाज आहे. देणाऱ्याला या शब्दाचा त्रास होत नाही.

शब्दाचे बाकीचे अर्थही सावकाश येऊ द्या. सैन्य पुढे सरकतं ती चाल, आगेकूच. शास्त्र पुढे जातं ती प्रगती. आधीच दिलेलं ते आगाऊ, आणि इथे मराठीने एक गंमत करून ठेवली आहे: आगाऊ पैसे चालतात, आगाऊ पोरगं चालत नाही. जमिनीच्या व्यवहारात तो इसार होतो, कुठे बयाणा. या सगळ्या अर्थांत एक दिशा आहे, पुढची. इंग्रजी शब्दाच्या पोटातच ‘पुढे’ आहे. ही दिशा लक्षात राहू द्या.

आता बीड शहरातल्या एखाद्या सरकारी कार्यालयात शिरा. तिथे हाच शब्द अग्रिम होऊन बसलेला दिसेल. दिवाळीच्या तोंडावर कर्मचाऱ्याला सण अग्रिम मिळतो, बिनव्याजी. पगारातून हप्त्याहप्त्याने वळता होतो. त्यासाठी त्याला घरदार सोडावं लागत नाही. २०२३ च्या खरिपात पावसाने तीन आठवड्यांहून मोठा खंड दिला, तेव्हा जिल्ह्यातल्या चावडीचावडीवर एकच विषय होता: पीकविम्याचा २५ टक्के अग्रिम. सोयाबीन वाळत होतं आणि संस्कृतातून आलेला हा शब्द अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्याच्याही तोंडी बसला होता. साखर कारखान्यालाही हंगामाआधी पैसे लागतात. तो बँकेकडून घेतो त्याला पूर्वहंगामी कर्ज म्हणतात. किती सभ्य नाव आहे बघा, इस्त्री केलेलं.

त्याआधीचंही एक नाव होतं: तगाई. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि तिकडच्या दफ्तरात ते तकावी म्हणून लिहिलं जाई. बी-बियाणाला, बैलाला, विहिरीला सरकारने पुढे केलेला पैसा. या शब्दाचं मूळ अरबीत आहे आणि त्याचा अर्थ बळ देणं असा आहे. वसुली कशी व्हायची हा भाग निराळा; नाव ठेवणाऱ्याने निदान बळ तरी डोळ्यांपुढे ठेवलं होतं.

इथे क्षणभर थांबा. चाल, प्रगती, इसार, अग्रिम, तकावी. आता कार्यालयातून बाहेर पडा आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात या. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर. पावसाच्या भरवशाची शेती, एक पीक. दसरा सरला की गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रक, ट्रॅक्टर, टायरगाड्या, त्यावर भांडी, कोंबड्या, लेकरं. चालले ऊसतोडीला: कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, पार कर्नाटकापर्यंत. जाण्याच्या आधीच मुकादमाने, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराने, पैसे दिलेले असतात. त्या पैशाला इथे अग्रिम म्हणत नाहीत. त्याला म्हणतात उचल.

या शब्दापाशी जास्त वेळ बसू.

उचल. कोणी दिलं ते या शब्दात नाही. कोणी घेतलं तेवढंच आहे. दात्याचं नाव गाळून घेणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखवणारा शब्द. इसारात सौदा दिसतो, तकावीत निदान बळ. उचलीत फक्त वाकून काहीतरी उचलणारा माणूस दिसतो. हीच क्रिया मराठीत चांगल्या कामालाही लावतात. मनाने उचल खाल्ली म्हणतात, मागणी उचलून धरली म्हणतात. पण परवानगीशिवाय नेलेल्या वस्तूलाही ‘उचलली’च म्हणतात, आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या जमातीवर मारलेला तोच शिक्का आत्मकथनाचं नाव म्हणून वर मिरवला: उचल्या. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला आहे.

आणि उचल एका माणसाला मिळत नाही. ती कोयत्याला मिळते. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर तो अर्धा कोयता. म्हणजे हिशेबाच्या वहीत बाई पूर्ण कधीच येत नाही, आणि खरं तर पुरुषही येत नाही. या गोष्टीवर पुष्कळ लिहून झालं आहे, तरी ‘अर्धा कोयता’ हे दोन शब्द एकदा सावकाश म्हणून बघा.

उचल घेतली की पैसे कुठे असतात? खिशात नाही, ते केव्हाच संपलेले असतात, पोरीच्या लग्नात, दवाखान्यात, पेरणीत. ते असतात अंगावर. “मुकादमाचे अंगावर आहेत” असं म्हणतात. आता हा शब्द घ्या आणि तो कुठेकुठे जातो ते बघत राहा, मध्ये बोलू नका. अंगावरचे कपडे. अंगावरचं दूध. काम अंगावर घेणं. एक दिवस तोड चुकली तर खाडा पडतो आणि त्याचेही पैसे मांडतात, म्हणून दुखणं अंगावर काढणं. अंगावरून जाणं, जे बाई डॉक्टरसमोरही हळूच बोलते. २०१९ मध्ये या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्या देशभर गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं एक नाही, अनेक आहेत. पण खाड्याची भीती त्यांतून वगळता येणार नाही.

मन इथून पळ काढू पाहील. त्याला कायद्याच्या पुस्तकाकडे नेऊ; तिथे थोडी सावली मिळेल असं वाटतं. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्याच्या व्याख्यांच्या कलमात पहिलीच व्याख्या याच शब्दाची आहे. ॲडव्हान्स म्हणजे काय? तर एकाने दुसऱ्याला दिलेला ॲडव्हान्स, मग तो रोख असो, वस्तुरूप असो, की थोडा रोख आणि थोडा वस्तुरूप. मूळ इंग्रजी मजकूर शब्दाची व्याख्या त्याच शब्दाने करतो. वकिलांना त्यात वावगं वाटत नसेल. पण देणाऱ्याला तिथे धनको आणि घेणाऱ्याला ऋणको म्हटलंय, आणि त्यापुढच्या कलमांचा गाभा एवढाच की हे पैसे घेतल्यामुळे माणूस बांधला जाता कामा नये. तसं झालं तर ते कर्जच रद्द. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ आधीच बंद केली होती. कायद्याला हा शब्द धोक्याचा वाटला, इतका की पहिली व्याख्या त्याच्यावर खर्च केली. गावात मात्र या कायद्याचं नाव निघत नाही. उचलीचा नोटरी केलेला कागद निघतो.

पुढची दिशा आठवते का, लक्षात ठेवायला सांगितलेली? ती हातात धरा आणि शेवटचा हिशेब करा. हा मनात न करता कागदावर करावा.

उचल एक लाख धरू. हल्ली जोडीला तेवढी, कधी त्याहून जास्त मिळते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाचं कमिशन वेगळं, ते यात धरलेलं नाही. अंधारात उठून फडात जाणारी, मोळ्या बांधून गाडी भरून देणारी जोडी दिवसाला दोन टन तोडते असं माना. दिवसाचे ७३२ रुपये. लाख फिटायला १३७ दिवस लागले. आजारपण नाही, पाऊस नाही, एकही खाडा नाही असे १३७ दिवस. किराण्यासाठी आठवड्याला मिळते ती खर्ची, तीही त्यांच्याच नावावर मांडली जाते. ती सध्या सोडून देऊ.

२०२४-२५ चा हंगाम विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत उशिरा सुरू झाला आणि राज्यातल्या पुष्कळ कारखान्यांची धुराडी शंभर दिवसही पेटली नाहीत. ऊसच कमी होता. आपण शंभर धरू. शंभर दिवसांचे झाले ७३,२००.

पट्टा पडला, हंगाम संपला, राहायच्या कोप्या मोडल्या, टोळी गावाकडे निघाली. वहीत राहिले २६,८००. पुढच्या वर्षीची उचल त्याच्यावर मांडतात.