जमिनीवरचा वैमानिक

इंग्लंडांतील श्रॉपशर परगण्यांत लाँग मिंड नांवाचा एक लांबट, बोडका डोंगर आहे. त्याची पश्चिम बाजू वेल्सच्या दिशेस एकाएकीं उतरते. त्या प्रदेशांत वारा बहुतकरून पश्चिमेचाच असल्यामुळें तो या उतारावर आदळून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्याच्या आधारानें इंजिनावांचून उडणारीं विमानें तेथें तासन् तास तरंगूं शकतात. माणसें बसून उडतात अशा विमानांच्या एका संस्थेचें ठाणें १९३४ पासून या डोंगराच्या माथ्यावर आहे. आणि त्याच डोंगरावर हौशी लोक चार-सहा हात पंखांचीं लहान विमानें रेडिओच्या लहरींनीं जमिनीवरून चालवितात. कांहीं वर्षांपूर्वीं मुलाकडे राहावयास गेलों असतां आम्हीं एक दुपार तेथें घालविली. तिच्यांतून निघालेला एक प्रश्न अद्याप आमची पाठ सोडीत नाहीं.

उतरत्या वयाचा एक गृहस्थ कड्याच्या काठाशीं उभा होता. गळ्यांत अडकविलेली एक पेटी, पेटीवर दोन लहान दांड्या. त्यानें विमान डोक्यावर धरून समोरच्या वाऱ्यांत सरळ लोटून दिलें. तें आतां दरींत कोसळणार असें आम्हांस वाटलें. पण तें क्षणभर खालीं जाऊन जें वर उठलें, तें आमच्या डोक्यावरून बारीक शीळ घालीत निघून गेलें. दुपारीं वारा वाढला, तेव्हां त्यानें विमान खालीं उतरवून त्याच्या पोटांत पितळेच्या कांड्या भरल्या. वारा वाढला तर ओझें कमी करावें, अशी आमची भाबडी समजूत! त्यानें हंसून समजाविलें, कीं हलकें विमान जोराच्या वाऱ्यांत पुढें सरकत नाहीं. तें मागें रेटलें जाऊन माथ्यापलीकडे पडतें, आणि तेथें वारा उलटा कोसळत असतो. वारा मंद झाला कीं हेंच वजन काढून टाकावयाचें. वारा पूर्वेचा झाला तर मात्र या उतारावर कांहींच उपाय चालत नाहीं. दुसरा डोंगर पाहावा किंवा घरीं जाऊन चहा घ्यावा.

परंतु खरी अडचण वाऱ्याची नव्हे, ती डाव्या-उजव्याची आहे. विमान आपल्यापासून दूर जात असतें तोंवर त्याचें उजवें तें आपलें उजवें. तें वळून आपल्याकडे येऊं लागलें, कीं दोन्ही बाजू उलट होतात. आपण उजवीकडे म्हणून दांडी सारतों आणि तें आपल्या डोळ्यांदेखत डावीकडे वळतें. बहुतेक शिकाऊ लोकांचीं विमानें याच क्षणीं जमीन गांठतात. यावर जुन्या लोकांची एक युक्ति आहे: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खालीं झुकलेला दिसेल, त्या बाजूस दांडी सारावी, जणूं त्या पंखाला टेकूच द्यावा. विमानांत बसलेल्या वैमानिकाला असल्या युक्तीची गरज पडत नाहीं. वाऱ्यानें उचललें तर तें त्याच्या बैठकीलाच कळतें, आणि चुकला तर तोच पडतो. जमिनीवरच्या वैमानिकाच्या अंगाला यांतलें कांहींच लागत नाहीं.

येथेंच आमचा प्रश्न उभा राहतो. ज्या कृतीचा फटका कर्त्याच्या अंगावर येत नाहीं, तिची जबाबदारी कोणत्या प्रकारची?

सर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकानें १८०४ सालीं असेंच एक लहानसें, माणसावांचूनचें विमान करून डोंगरउतारावरून सोडलें होतें. पुढें १८५३ मध्यें, वयाच्या ऐंशीच्या घरांत, त्यानें माणूस बसेल एवढें विमान तयार केलें आणि यॉर्कशरमधील आपल्या जहागिरींतील एका दरीवरून तें उडविलें. त्यांत बसविला तो घरचा गाडीवान. नातीच्या आठवणीप्रमाणें, पलीकडे आदळल्यावर गाडीवानानें तत्काळ राजीनामा दिला. आपण गाडी हांकावयास राहिलों आहों, उडावयास नव्हे, असें तो म्हणाला. ही गोष्ट विनोद म्हणून सांगण्याची रीत आहे. आम्हांस ती तितकीशी विनोदी वाटत नाहीं. केलीचें नांव आज सर्वत्र आहे. त्या गाडीवानाचें नांव इतिहासानें निश्चितपणें नोंदविलेलें नाहीं.

उलटपक्षीं जर्मनींतील ओटो लिलिएंटाल. त्यानें स्वतःच पंख बांधून उड्या घेतल्या आणि १८९६ सालीं पडून तो मेला. प्रत्येकानें असेंच करावें, असा आमचा आग्रह नाहीं. न्यायाधीश आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहत नाहीं, वैद्य रोग्याच्या खाटेवर निजत नाहीं. दूर उभें राहणें हा कांहीं अपराध नव्हे. शिवाय चुकीची किंमत गाडीवानाच्या हाडांऐवजीं लांकडाच्या चिरफळ्यांनीं चुकती होत असेल तर ती माणुसकीची प्रगतीच म्हणावी लागेल. ब्रिटनमध्यें २०१९ पासून अशा विमानांच्या धन्यांना सरकारदरबारीं नोंद करून तो क्रमांक विमानावर लिहावा लागतो. हौशी लोक त्याबद्दल कुरकुरतात. आम्हांस तो नियम रास्त वाटला. पडलेल्या वस्तूवरून पाडणारा सांपडला पाहिजे.

आमच्या धंद्यांत असा क्रमांक नसतो. पंचवीस वर्षांपूर्वीं एका हुशार विद्यार्थ्यास आम्हीं बँकेंतील कारकुनी सोडून एम. ए. करण्याचा सल्ला दिला. आमचा शब्द म्हणजे त्यास प्रमाण. घरीं म्हातारी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हें आम्हांस माहीत नव्हतें असें नाहीं, पण आम्हीं तें आमच्या खुर्चींतून पाहत होतों. ज्यास आम्ही उजवें म्हणत होतों तें त्याचें डावें होतें. सात वर्षें त्याला पक्की नोकरी मिळाली नाहीं. काळच वाईट, असें म्हणून आम्हीं सगळें खापर वाऱ्यावर फोडलें. गीतेनें कर्माच्या पांच कारणांत दैवाला पांचवें स्थान दिलें आहे. आमच्या हिशेबांत तें पहिलें आलें होतें. त्यानें कधीं दोष दिला नाहीं. पुढें त्याचीं पत्रें बंद झालीं, आणि आम्हींही चौकशी केली नाहीं. खरें सांगावयाचें तर बंद झालीं त्याचें आम्हांस थोडें बरेंच वाटलें.

त्या दुपारीं, ऊन कलतां कलतां, वारा एकाएकीं पडला. त्या गृहस्थानें विमान काठाकडे आणण्याची खटपट केली, पण तें हळूहळू खालीं खालीं जात दूरच्या उतारावर नाहींसें झालें. आम्हीं म्हटलें, आतां अंधार पडेल, उद्यां पाहावें. त्यानें मान हलविली, पेटी आमच्या मुलाच्या हवालीं केली आणि तो उतरूं लागला. गाडीची वेळ होत आली होती, तरी आम्ही थांबलों. बऱ्याच वेळानें तो खालीं नेच्यांच्या रानांत दिसला. कमरेइतका बुडालेला, दोन्ही हातांनीं झुडपें बाजूस सारीत.