पायातली वहाण

सज्जनहो, मुक्ताबाईंची पालखी जालना-अंबडच्या वाटेने पंढरीस जाते. पाऊस पडला की इकडची काळी माती वहाणेस धरून बसते. मुक्कामी पुष्कळ जण वहाण खळखळून धुतात अन् चुलीपाशी ठेवतात. पाण्याने कातड्यातले तेल जाते, धगीने ते आकसते, मग वाकते तिथे तडकते. म्हणून चिखल ओल्या फडक्याने पुसावा, वहाण सावलीत वाळवावी, किंचित ओल असतानाच एरंडेलाचे बोट फिरवावे. बोटभरच! तेल अति झाले तर कातडे ढिले पडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, बुरशी येते.

कोणी म्हणेल, हे परमार्थात कशाला? बाबांनो, बाभळीच्या सालीत अन् हिरड्यात मुरवून कातडे कमावणारे, शिवणारे हात संत रोहिदासांच्या कुळीचे. त्या हातांना पंढरीचे मंदिर १९४७ पर्यंत बंद होते. साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा दार उघडले. देवळाबाहेर वहाण राहावी, माणूस राहू नये. वहाण जपली आणि ती शिवणाऱ्यास पंगतीत दूर बसवले, तर आमची वारी फुकट गेली म्हणायची.

रामकृष्णहरी.