पांडाज आहे, पण कुठल्या पायथनकडे?

थांब. तीच कमांड परत मारू नकोस. सकाळपासून ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ चाललंय तुझं आणि दर वेळी पिप एकच उत्तर देतंय: ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. म्हणजे लायब्ररी आधीच बसलेली आहे. ती कुठल्या फोल्डरमध्ये बसली आहे, तेही त्याच ओळीत पुढे लिहिलेलं आहे. तू ती ओळ एकदाही शेवटपर्यंत वाचली नाहीस. प्रोग्राम चालवलास, ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’ असं लाल अक्षरांत आलं, की खिडकी बंद आणि पुन्हा पिप. आणि आता मला सांगतोस, मॅडम, कॉम्प्युटरच बिघडलाय.

कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. पिप सांगतंय लायब्ररी आहे, ते खरं आहे. पायथन सांगतोय मला मिळत नाही, तेही खरं आहे. दोघंही खरं बोलत असतील तर दोघं वेगवेगळ्या जागी बघताहेत, हे कळायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही, शांत बसून विचार करावा लागतो. तो तू केला नाहीस. एरर आली म्हणून मी रागावलेली नाही, एरर सगळ्यांनाच येतात. तू न वाचता बोटं चालवलीस, याचा मला राग आला आहे.

आणि ‘मला इंग्रजी जमत नाही’ ही सबब माझ्यापुढे नको. मराठी माध्यमातून आलास, त्यात कमीपणा काही नाही. पण ही चारपाच शब्दांची ओळ आहे. शब्द अडला तर शब्दकोश बघ, मला विचार, शेजारच्या मुलीला विचार. लाल अक्षरं दिसली की नजर फिरवायची ही सवय मात्र आजच मोड. ट्रेसबॅक खालून वर वाचायचा असतो. काय बिघडलं ते शेवटच्या ओळीत असतं, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर बिघडलं ते तिच्या वर. पायथन ३.६ च्या आधी अशा वेळी नुसतं ‘इम्पोर्टएरर’ यायचं. मॉड्यूल मुळात मिळालंच नाही, की मिळालं पण त्यातली हवी ती वस्तू घेता आली नाही, याचा नुसत्या त्या नावावरून उलगडा व्हायचा नाही. २०१६ साली ३.६ आली तेव्हा मॉड्यूल न मिळण्याची एरर मुद्दाम वेगळी काढली गेली. नेमकं कळावं म्हणून कुणीतरी केलेलं काम तू डोळे मिटून बंद करतोस.

आता सांग, तुझ्या लॅपटॉपवर पायथन किती आहेत? एकच? कमांड प्रॉम्प्ट उघड आणि ‘व्हेअर पायथन’ टाइप कर. एकाहून जास्त ओळी आल्या ना? हे कसं घडलं तेही ऐक, कारण वर्गात दर वर्षी हेच घडतं. पायथनच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवलास. त्याच्या पहिल्याच पडद्यावर, तळाशी, पायथनला ‘पाथ’मध्ये घालू का असं विचारणारी एक चौकट असते आणि तिच्यावर आधीपासून टिक नसते. तू वाचलं नाहीस, नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलास. मग ‘पायथन’ टाइप केल्यावर विंडोजने मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून दिलं, तिथून तू आणखी एक पायथन घेतलास. पुढे कुणी सीनियरने सांगितलं म्हणून अ‍ॅनाकोंडा टाकलास, त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा पायथन. पायचार्ममध्ये नवा प्रोजेक्ट काढलास, त्याने त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं वातावरण बनवलं. यातल्या प्रत्येकाचं स्वतःचं ‘साइट-पॅकेजेस’ नावाचं फोल्डर आहे आणि एकाच्या फोल्डरमधलं दुसऱ्याला दिसत नाही. पिपही यातल्या कुठल्यातरी एकाचंच असतं. तुझं पिप स्टोअरवाल्या पायथनचं आहे आणि तुझा प्रोग्राम चालवतोय पायचार्मचा. गॅसचा सिलिंडर शेजाऱ्याच्या दारात उतरवून घ्यायचा आणि आपली शेगडी पेटत नाही म्हणून ओरडायचं, असं चाललंय तुझं.

हे ताडून बघायला मिनिटभरही लागत नाही. ‘पिप --व्हर्जन’ मार. त्या ओळीत पिपचा आकडा येतो, ते कुठल्या फोल्डरात आहे ते येतं आणि शेवटी कंसात ते कुठल्या पायथनसाठी आहे तेही येतं. मग तुझ्या प्रोग्राममध्ये, जिथे एरर येते त्या ओळीच्या वर, ‘इम्पोर्ट सिस’ लिही आणि ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छाप. हा प्रोग्राम नेमका कुठला पायथन चालवतोय, त्याचा पूर्ण पत्ता मिळेल. दोन्ही पत्ते कागदावर एकाखाली एक लिही. वेगळे निघाले तर तुझं दुखणं सापडलं. आणि इथून पुढे नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहायचं नाही. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज’ असं लिहायचं. त्यात ‘पायथन’ या जागी ज्या पायथनने प्रोग्राम चालवणार तोच हवा, प्रसंगी त्याचा पूर्ण पत्ता देऊन. त्या ‘-एम’चा अर्थ असा की या पायथनकडे जे पिप आहे तेच चालव. मग लायब्ररी परक्याच्या फोल्डरात पडायचा प्रश्नच उरत नाही.

तुला वाटतं ‘इम्पोर्ट’ म्हटलं की पायथन सगळी हार्ड डिस्क धुंडाळतो. तसं तो करत नाही, आणि करत नाही तेच बरं. आधी तो बघतो की हे मॉड्यूल याच फेरीत पूर्वी घेतलेलं आहे का, किंवा ते त्याच्या पोटातलंच आहे का. नसेल तर त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, ‘सिस.पाथ’. तीत पहिला असतो तुझ्या स्वतःच्या प्रोग्रामचा फोल्डर. मग ‘पायथनपाथ’ या व्हेरिएबलमध्ये काही लिहून ठेवलं असेल तर ते. मग पायथनबरोबर आलेल्या लायब्रऱ्या. आणि बाहेरून टाकलेली पॅकेजेस त्याच्याही नंतर. यादी वरून खाली वाचली जाते, नाव जिथे पहिल्यांदा जुळेल तिथे शोध संपतो. ही यादी छापून बघ. एकदा डोळ्यांनी बघितलीस की पुढची पाच वर्षं कुणाला विचारावं लागणार नाही.

आणि यादीत तुझा स्वतःचा फोल्डर पहिला आहे, हे विसरल्यामुळे तुझ्या मैत्रिणीने मागच्या आठवड्यात दोन प्रॅक्टिकल वाया घालवली. तिने सरावाच्या फाइलला ‘रँडम.पीवाय’ नाव दिलं आणि आत ‘इम्पोर्ट रँडम’ लिहिलं. पायथनने यादीप्रमाणे पहिल्या फोल्डरात बघितलं, तिचीच फाइल मिळाली, तीच उचलली. खरं ‘रँडम’ मॉड्यूल जागच्या जागी होतं, तिथवर शोध गेलाच नाही. ती मात्र पायथन काढून परत टाकत बसली. पायथन ३.१३ पासून अशा वेळी संदेशातच सुचवलं जातं की तुमच्या फाइलचं नाव लायब्ररीच्या नावासारखं आहे, ते बदलून बघा. पण संदेश वाचणाराच नसेल तर तो कितीही सुधारला तरी काय उपयोग? फाइलला ‘पांडाज.पीवाय’, ‘टेस्ट.पीवाय’, ‘ईमेल.पीवाय’ अशी नावं द्यायची नाहीत. काम काय करते ते नावात येऊ दे.

आता नावांचं. दुकानातलं नाव आणि कोडमधलं नाव एकच असेल, असं गृहीत धरायचं नाही. पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून लायब्रऱ्या आणतं त्या दुकानात, ‘ओपनसीव्ही-पायथन’ घ्यायचं, कोडमध्ये ‘सीव्ही२’ लिहायचं. ‘सायकिट-लर्न’ घ्यायचं, ‘एसकेलर्न’ लिहायचं. ‘ब्युटिफुलसूप४’ घ्यायचं, ‘बीएस४’ लिहायचं. ‘पिलो’ घ्यायचं आणि ‘पीआयएल’ लिहायचं. या शेवटच्यामागे कारण आहे. पायथन इमेजिंग लायब्ररी नावाची जुनी लायब्ररी २००९ च्या सुमाराला थबकली. तिच्यातून २०१० साली पिलो निघाली. लोकांचं आधीचं कोड मोडू नये म्हणून आतलं नाव त्यांनी तेच राखलं. या गोष्टी पाठ कर असं मी म्हणत नाही. लायब्ररीच्या स्वतःच्या माहितीपानांवर त्या बहुतेकदा दिलेल्या असतात. ती पानं उघड.

अंदाजाने नावं टाकून बघायची तुझी सवय मला सगळ्यात जास्त खटकली. एरर आली ‘सीव्ही२’ची, तर तू ‘पिप इन्स्टॉल सीव्ही२’, मग ‘सीव्ही’, मग ‘ओपन-सीव्ही’, जे सुचेल ते मारलंस. पायपीआयवर कुणीही पॅकेज ठेवू शकतं. पॅकेज बसवताना त्यातलं कोड तुझ्या मशीनवर, तुझ्या नावाने, तुझ्या अधिकाराने चालू शकतं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने पायपीआयवरची दहा बनावट पॅकेजेस उघड केली. नावं ओळखीचीच, एखादं अक्षर इकडेतिकडे: ‘यूआरएलएलआयबी३’ या खऱ्या नावातला एक ‘एल’ गाळलेला. ती बसवणाऱ्याच्या मशीनची माहिती बाहेर पाठवत होती. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ‘जेलीफिश’ या लायब्ररीची नक्कल काढून टाकावी लागली. तिच्यात एका लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ होता, पडद्यावर फरक दिसतच नव्हता, आणि ती लोकांच्या एसएसएच किल्ल्या चोरत होती. तुझ्या लॅपटॉपवर तुझ्या वडिलांचं बँकेचं काम चालतं, हे तूच मला सांगितलं होतंस. मग अंदाजाने नाव मारताना हात थांबायला नको?

लॅबमधल्या उबुंटूवर तू जे केलंस, त्याबद्दल तर मी तुला स्वतंत्रपणे बोलणार होते, पण इथेच बोलते. पिपने तिथे नकार दिला: ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’. २०२३ पासून उबुंटूत आणि डेबियन १२ मध्ये हा नकार मुद्दाम घातलेला आहे, कारण त्या सिस्टिमची स्वतःची कितीतरी अवजारं त्याच पायथनवर चालतात. तिथे पिपने एखादी लायब्ररी बदलली तर ती अवजारं कोलमडू शकतात. नकाराच्या खालीच काय करायचं तेही लिहिलेलं होतं: एपीटीने घ्या, नाहीतर व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवा. तू ते सोडलंस, कुठूनतरी ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ उचललंस आणि पुढे ‘सुडो’ लावून मारलंस. सिस्टिमची पॅकेजेस मोडा, असं त्याच्या नावातच लिहिलंय! ते मशीन तुझ्या एकट्याचं नाही. दुपारची बॅच त्यावर बसते. पुन्हा असं दिसलं तर लॅबचं अ‍ॅडमिन खातं तुझ्याकडून काढून घेईन.

व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट हे नाव ऐकून बिचकू नकोस. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून ते पायथनबरोबरच मिळतं, तुझ्या विंडोजवर वेगळं काही घ्यावं लागत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘पायथन -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह’ म्हटलं की त्या प्रोजेक्टपुरता वेगळा कोपरा तयार होतो, स्वतःच्या पिपसकट. नवं टर्मिनल उघडलंस की ते नव्याने चालू करावं लागतं. ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचं नाव दिसलं नाही तर तू बाहेर आहेस. व्हीएस कोडही वापरतोस ना? खाली उजव्या कोपऱ्यात कुठला पायथन निवडला आहे ते लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून हाच निवड. ज्युपिटर नोटबुकमध्ये उद्गारचिन्ह लावून पिप चालवू नकोस, ते कुठलंही पिप पकडतं. ‘%पिप इन्स्टॉल’ लिही, म्हणजे त्या नोटबुकच्या कर्नलकडेच लायब्ररी जाईल, आणि मग कर्नल रीस्टार्ट कर.

कधी कधी लायब्ररी खरोखरच बसलेली नसते, तेही लक्षात ठेव. पायथनची कालपरवा आलेली आवृत्ती उत्साहाने घेतोस आणि टेन्सरफ्लोसारख्या मोठ्या लायब्ररीची त्या आवृत्तीसाठीची फाइल अजून आलेलीच नसते. पिप तिथेच ‘कुड नॉट फाइंड अ व्हर्जन’ म्हणून थांबतं. पन्नास ओळी सरकून जातात, तुला वाटतं झालं. झालं नव्हतं.

तुझं डोकं चांगलं आहे. गेल्या सत्रात क्रमवारी लावायचा प्रोग्राम तू कुणाचंही न बघता लिहिलास, मी पेपर तपासताना थांबून दोनदा वाचला. असा मुलगा लॅपटॉप फॉरमॅट मारून ‘आता तरी चालेल’ म्हणत बसतो, हे मला बघवत नाही. फॉरमॅट मारलास तर बिघाडाबरोबर बिघाडाचं कारणही पुसलं जातं, आणि पुढच्या महिन्यात तेच दुखणं परत येतं. बाहेरचे परीक्षक प्रॅक्टिकलला समोर बसलेले असताना ते आलं तर काय फॉरमॅट मारणार आहेस?

मदत मागायला ये, जरूर ये. पण ‘चालत नाही’ एवढंच सांगू नकोस. एररची शेवटची ओळ जशीच्या तशी, ‘सिस.एक्झिक्युटेबल’चा पत्ता, ‘पिप --व्हर्जन’ची ओळ आणि एरर यायच्या आधी तू काय बदललंस, एवढं वहीत लिहून आण. हे लिहितानाच बहुतेकदा उत्तर सापडतं, म्हणून मी ते मागते.

आता जागेवर जा. हे सगळे पायथन कुठे कुठे आहेत ते लिहून काढ, नको असलेले काढून टाक, एक ठेव. प्रोजेक्टसाठी वेगळं एन्व्हायर्न्मेंट बनव, त्यात पांडाज घाल, ‘पायथन -एम पिप फ्रीझ’ने यादी ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’मध्ये उतरव. उद्या ते एन्व्हायर्न्मेंट माझ्यासमोर पुसायचं आणि त्या यादीवरून पुन्हा उभं करून प्रोग्राम चालवून दाखवायचा. तोवर जर्नलवर सही नाही.