पासोडीत आलेलं शहर

पासोडी म्हणजे थंडीत अंगावर ओढायचं जाडंभरडं कापड. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी त्यावर वेदान्त लिहिला. सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद पट्टा. त्यावर ओव्या, मधूनमधून आकृत्या, आणि विषय ‘पंचीकरण’. पांघरुणावर ग्रंथ लिहायचं धाडस कुठल्या पेठेत, कुणाच्या बैठकीत शिकायला मिळतं?

बीडचं पोरगं पुण्याची गाडी पकडतं तेव्हा त्याला हमखास ऐकवलं जातं, की डोकं चालायला लागतं ते शहरातच. गावात राहिलेल्यांना हे झोंबतं. मग ते दासोपंतांचं नाव पुढे करतात. पण हा दाखला वाटतो तितका सरळ नाही.

दासोपंत (1551–1615) जन्मले नारायणपेठेत, देशपांड्यांच्या घरात. वसूल थकला म्हणून बीदरच्या दरबारानं या मुलाला ओलीस ठेवलं, अशी त्यांच्या चरित्रातली कथा आहे. बीदर म्हणजे तेव्हाची राजधानी. महमूद गवाननं 1472 मध्ये उभारलेल्या मदरशाच्या भिंतींवर इराणी धाटणीच्या रंगीत फरशा, कानावर फारसी, दख्खनी, कानडी, मराठी, आणि काळ्या धातूत चांदी ठोकून बसवणारे बिदरीचे कारागीर. ओलीस मुलाच्या डोळ्यांत यातलं काय उतरलं, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. सुटकेनंतर माहूर, गोदाकाठचं राक्षसभुवन आणि अखेर अंबाजोगाई. तिथं त्यांना लिहायला रोज ढबू पैशाची शाई लागे, असं सांगतात. ‘गीतार्णवा’च्या सव्वा लाख ओव्यांचा परंपरेतला आकडा पाहता ती पुरत होती का, हीच शंका.

शिवाय अंबाजोगाई तरी कुठं आडगाव होतं! यादवांचा सेनापती खोलेश्वर याचं नाव लावणारं देऊळ तिथं आजही उभं आहे. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधीही तिथलीच मानतात, विदर्भातले अभ्यासक मात्र आंभोऱ्याकडे बोट दाखवतात. निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद झालं, घोडदळाची छावणी पडली.

आता पासोडीच्या विषयाकडे. पंचीकरणाचा हिशोब मोठा नेमका आहे. दिसणारं प्रत्येक महाभूत निम्मं स्वतःचं असतं. उरलेल्या निम्म्यात बाकीच्या चौघांचा एकेक अष्टमांश. अशी सरमिसळ होईपर्यंत भूतं सूक्ष्मच राहतात, इंद्रियांना सापडत नाहीत. निर्भेळ पाणी कुणी पाहिलेलं नाही, निर्भेळ माती कुणी तुडवलेली नाही. शहर माणसाला काय देतं, याचं याहून चोख गणित शोधूनही मिळणार नाही. बीडचा मुलगा पुण्यात ‘लई’ सोडत नाही, शर्टाची बाही मात्र वेगळी दुमडतो. निम्मं घरचं, बाकी अष्टमांशांचं.

शहराच्या भाटांनी मात्र इतक्यात टाळी वाजवू नये. वेदान्ती ही मिसळ समजावतो ती उलट्या पावलांनी मागं जाण्यासाठी: पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात, आणि त्याही पलीकडे. बीदर पाहून आलेला माणूस अंबाजोगाईत बसून 40 फूट कापडावर मांडत होता तो हा परतीचा रस्ता.